लॉर्ड ऑफ द रिंग्जचे सिनेमे पुस्तकाशी प्रामाणिक आहेत का? कादंबऱ्यांवरून पटकथा लिहिणाऱ्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचं आणि त्याच्या मामेभावाचं कितीतरी दिवस भांडण चालू आहे. मामेभाऊ म्हणतो दिग्दर्शक पीटर जॅक्सनने पुस्तकाची वाट लावली, टॉम बॉम्बाडिल हे पात्र उडवलं, फारामिर हे पात्र बिघडवलं, हॉबिटांच्या मुलखाचं, शायरचं, शेवटचं प्रकरणच गायब केलं. विचारणारा म्हणतो एवढं मोठं पुस्तक जसंच्या तसं पडद्यावर येऊच शकत नाही, बदल करावेच लागतात, आणि एवढे ऑस्कर उगाच मिळत नाहीत. आणि तुम्ही कादंबऱ्यांवरून पटकथा लिहिता तर तुम्हीच निकाल द्या.

निकाल देतो, पण आधी सांगतो की माझ्या मते तुम्ही दोघंही चुकीची गोष्ट मोजताय. मामेभाऊ काय काय कापलं ते मोजतोय, तुम्ही बक्षिसं मोजताय. मी वीसेक वर्षं हे काम करतोय आणि मी ज्याने मोजतो ते वेगळंच आहे, ते आधी सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल.

कादंबरी हातात आली की मी तिची कार्डं करतो. एक प्रसंग एक कार्ड. कार्डाच्या पुढच्या बाजूला काय घडतं ते लिहायचं आणि मागच्या बाजूला कशामुळे घडतं ते. मग पसरायची जमिनीवर आणि कमी करायला लागायचं. एवढ्या वर्षांत माझा अनुभव असा आहे की पुढची बाजू कितीही बदला, प्रसंग उडवा, दोन प्रसंग एक करा, जागा बदला, माणूस बदला, वाचक कुरकुर करतो आणि सोडून देतो. पण मागची बाजू बदलली की संपलं. म्हणजे घटना तीच ठेवली पण ती ज्या कारणाने घडते ते बदललं, तर वाचकाला खोलवर लागतं, आणि बऱ्याचदा नेमकं काय लागलं ते त्याला सांगताही येत नाही मग तो बिचारा बॉम्बाडिल बॉम्बाडिल करत बसतो.

हे मी स्वतः भोगलंय. एका ग्रामीण कादंबरीवर सिरियल करत होतो, त्यात एक म्हातारी आपलं शेत विकते. का विकते तर मुलगा रोज त्या शेताकडे ज्या नजरेने बघतो ती तिला सहन होत नाही, बस, एवढंच कारण, कोणी तिला भाग पाडत नाही. निर्मात्यांना ते पटेना, त्यांनी सावकार आणायला लावला, धमक्या, जप्ती सगळं. शेत विकलं गेलंच, घटना तीच, एपिसोडही तोच. पण ज्यांनी कादंबरी वाचली होती त्यांनी आम्हाला धुऊन काढलं आणि ते बरोबरच होते. म्हातारीचा निर्णय आम्ही तिच्याकडून काढून घेतला होता. ती गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही, आणि तेव्हापासून कार्डाची मागची बाजू मी लाल पेनाने लिहितो.

आता रिंग्जकडे येऊ. गोष्ट थोडक्यात अशी: सॉरॉन या दुष्ट सत्ताधीशाची जादूची अंगठी फ्रोडो नावाच्या हॉबिटाकडे, म्हणजे बुटक्या जमातीतल्या एकाकडे येते, आणि ती नष्ट करायला तो सॉरॉनच्या मॉर्डोरमधल्या माउंट डूम या ज्वालामुखीकडे निघतो; सोबत सॅम, मेरी आणि पिपिन हे हॉबिट, गँडाल्फ हा जादूगार, अॅरागॉर्न आणि बोरोमिर हे लढवय्ये. आधी कापाकापीचा मुद्दा निकालात काढतो. मूळ लेखक टॉल्किनने ही एकच सलग कादंबरी म्हणून लिहिली, छापताना तिचे तीन खंड झाले, 1954 आणि 1955 मध्ये आले. हजार पानांच्या वर मजकूर आणि मागे परिशिष्टं वेगळी. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट हा आमचा ढोबळ हिशोब. थिएटरात आलेले तिन्ही सिनेमे 178, 179 आणि 201 मिनिटांचे, मिळून सव्वानऊ तासांच्या जरा वर. आणि हेही लक्षात घ्या की जॅक्सन मंडळींनी हे आधी दोन सिनेमे म्हणून लिहिलं होतं, मिरामॅक्सकडे असताना ते एकाच सिनेमात बसवा असा दबाव आला, मग प्रोजेक्ट न्यू लाइनकडे गेलं आणि तिथे तीन सिनेमे ठरले. म्हणजे हे सगळं एका सिनेमात कोंबलं जाण्यापासून थोडक्यात वाचलंय. तेव्हा किती कापलं हा आरोप मी ऐकूनच घेत नाही. कापणं हे आमचं कामच आहे.

बॉम्बाडिल घ्या. जुन्या जंगलात राहणारा, गाणी म्हणत फिरणारा, मला तो मनापासून आवडतो. तरी पहिलं कार्ड मीही त्याचंच उचललं असतं. सिनेमाच्या पहिल्या तासात प्रेक्षकाच्या मनावर एकच गोष्ट ठसवायची असते की ही अंगठी कोणालाही सोडत नाही, गँडाल्फसुद्धा तिला हात लावायला घाबरतो. आणि तिथेच एक माणूस येतो, ती बोटात घालतो, अदृश्यही होत नाही आणि हसत हसत परत देतो. पुस्तकात हे चालतं कारण वाचकाकडे वेळ असतो, हे जग अंगठीपेक्षा मोठं आहे आणि जुनं आहे हे त्याला हळूहळू मुरवता येतं. सिनेमात तासाभराची मेहनत तिथे वाया गेली असती.

पण कापताना एक धागा लोंबत राहिला, आणि हे मामेभावाला सांगा, त्याच्या बाजूचा हा चांगला मुद्दा आहे. बॉम्बाडिल ज्या थडग्यातून हॉबिटांना सोडवतो तिथूनच त्यांना जुन्या तलवारी मिळतात. त्या तलवारी हजाराहून जास्त वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या माणसांनी घडवल्या त्या नेमक्या सॉरॉनच्या सगळ्यात भयंकर नोकराशी, अंगमारच्या विच-किंगशी लढताना. आणि शेवटी पेलेनॉरच्या रणांगणावर मेरी मागून विच-किंगच्या गुडघ्यात वार करतो तो त्याच तलवारीने, म्हणून तो लागू पडतो, दुसरी कुठलीही तलवार तेवढी चालली नसती असं टॉल्किन स्पष्ट म्हणतो. केवढं सुंदर आहे हे, ज्यांनी ती घडवली ते मातीत गेले, त्यांचं राज्य गेलं, आणि त्यांचं काम एका छोट्याशा हॉबिटाच्या हातून पुरं झालं. सिनेमात अ‍ॅरागॉर्न वेदरटॉपवर चौघांना तलवारी काढून देतो आणि विषय संपतो. मेरीचा वार पडद्यावर आहे, तो का चालला ते नाही. कार्डाची पुढची बाजू आहे, मागची कोरी. चुकीचं कारण घातलेलं नाही, नुसतं सुटलंय, म्हणून मी याला मोठा गुन्हा म्हणणार नाही, हळहळ मात्र वाटते.

दुसरं नेहमीचं भांडण म्हणजे फ्रोडोला नदीपर्यंत आणायला एल्फ या अमर जमातीतल्या ग्लॉरफिंडेलच्या जागी आर्वेन का आणली. यात सगळे माणसावर भांडतात. अहो पुस्तकात आर्वेन आणि अ‍ॅरागॉर्नची खरी कहाणी परिशिष्टात आहे, ती मुख्य गोष्टीत आणायची तर तिला कुठेतरी काहीतरी करायला द्यायलाच हवं, आणि ग्लॉरफिंडेल एकदा येऊन पुढे फार काही करत नाही, तेव्हा अदलाबदल ठीकच. पण तो प्रसंग पुस्तकात परत वाचा. नदीच्या काठावर घोड्यावर कोण आहे? एकटा फ्रोडो. खांद्यात सुरीचं विष भिनत चाललंय, डोळ्यांपुढे धुकं आलंय, सॉरॉनचे नऊच्या नऊ स्वार, म्हणजे नाझगुल, समोर, आणि तो वळून तलवार उपसून त्यांना परत जा म्हणतो, अंगठी मिळणार नाही, मीही मिळणार नाही म्हणतो. त्याने काही होत नाही, त्याची तलवार मोडते, पण तो उभा राहतो. सिनेमात हे आव्हान आर्वेन देते आणि फ्रोडो तिच्यापुढे गठडीसारखा पडलेला असतो. म्हणजे भांडण ग्लॉरफिंडेल गेला याच्यावर होतं आणि खरं गेलं ते फ्रोडोचं धैर्य. आणि हे एकदाच झालेलं नाही, तिन्ही सिनेमांत फ्रोडो थोडा थोडा करून पुस्तकापेक्षा दुबळा होत गेलाय. पुस्तकातला फ्रोडो शायर सोडतो तेव्हा पन्नास वर्षांचा समजदार माणूस असतो, आधी अंगठी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोच्या वाढदिवसानंतर सतरा वर्षं गेलेली असतात. ती सतरा वर्षं सिनेमाने गुंडाळली ते बरोबर केलं, नाहीतर सगळी घाई निघून गेली असती, पण त्याबरोबर त्याचं वयाचं वजनही गेलं.

आता जिथे त्यांनी बदल करून पुस्तकाची सेवा केलीय ती जागा सांगतो, कारण तुमच्या बाजूनेही बोलायला हवं. बिल्बोने अंगठीच्या नादाने नासलेल्या गॉलमला मारायला हवं होतं असं फ्रोडो म्हणतो आणि गँडाल्फ त्याला दयेबद्दल सांगतो, मरायला लायक असलेले खूप जगतात आणि जगायला हवे होते असे काही मरतात, त्यांना तू जीवन देऊ शकतोस का, हे जे बोलणं आहे ते पुस्तकात अगदी सुरुवातीला, घरी बसून, प्रवास सुरू व्हायच्या आधी होतं. सिनेमाने ते उचलून मोरियाच्या खाणींच्या अंधारात नेलं. का भारी आहे हे? एक म्हणजे गॉलम तेव्हा खरोखर मागावर आहे, ज्याच्याबद्दल बोलतोय तो काही पावलांवर आहे. दुसरं म्हणजे त्यानंतर थोड्याच वेळात गँडाल्फ पडतो, म्हणजे ते बोलणं फ्रोडोसाठी शेवटचा उपदेश होतं. शब्द जवळपास तेच, कारण तेच, नुसती जागा बदलली आणि वजन दुप्पट झालं. मी शिकवायला जातो तिथे हा सीन हमखास दाखवतो.

बोरोमिरचंही तसंच. त्याचं मरण पुस्तकात दुसऱ्या खंडाच्या पहिल्याच प्रकरणात येतं, सिनेमाने ते पहिल्या भागाच्या शेवटी आणलं, त्याला मेरी आणि पिपिनला तलवार शिकवताना दाखवलं, मरताना अ‍ॅरागॉर्नशी जास्त बोलू दिलं. पुस्तकात तो अगदी थोडक्यात कबूल करतो की मी फ्रोडोकडून अंगठी घ्यायचा प्रयत्न केला, मला माफ करा, मी किंमत मोजली. सिनेमात शब्द वाढले, पण मागची बाजू जशीच्या तशी आहे. मला तर सिनेमातला बोरोमिर जास्त जवळचा वाटतो आणि हे सांगताना मला पुस्तकाचा अपमान केल्यासारखं अजिबात वाटत नाही.

हेल्म्स डीप या किल्ल्यावरच्या लढाईबद्दल एक गोष्ट दोघांनाही माहीत असावी. 1957 च्या सुमारास याच कादंबरीवर एका सिनेमाचा आराखडा टॉल्किनकडे आला होता, झिमरमन नावाच्या लेखकाने केलेला, तो सिनेमा पुढे कधी झाला नाही. टॉल्किनने 1958 मध्ये त्यावर ओळीओळीने लांबलचक टीका लिहून पाठवली, ती त्याच्या पत्रसंग्रहात आहे, पटकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी. त्यात तो म्हणतो की एन्ट, म्हणजे चालत्या-बोलत्या झाडांसारख्या लोकांना आणि त्या किल्ल्यावरच्या लढाईला दोन्हीला पुरेशी जागा देता येत नसेल तर लढाई काढून टाका, कारण मुख्य गोष्टीच्या दृष्टीने ती आनुषंगिक आहे, आणि लढाया शेवटी एकसारख्याच दिसतात, पुढच्या मोठ्या लढाईला स्पर्धक नसलेलाच बरा. म्हणजे खुद्द लेखक जी लढाई कापायला तयार होता ती सिनेमाच्या दुसऱ्या भागाचा कळस झाली! आणि जंगलातल्या एल्फांची फौज तिथे मदतीला येते ती पुस्तकात नाहीच, तिथे ते आपापल्या जंगलात आपल्या लढाया लढत असतात. मामेभाऊ यावर चिडत असेल तर समजू शकतो, मला स्वतःला तो पावसातला सीन बघताना अजून काटा येतो, आणि जुन्या मैत्रीखातर मरायला येणं हे या पुस्तकाच्या स्वभावाबाहेरचं नाही असं मला वाटतं, म्हणून मी ते सोडून देतो.

त्याच पत्रात टॉल्किनचं एक म्हणणं आहे ते मी माझ्या टेबलासमोर लिहून लावलंय. सांगायचा अर्थ असा की माध्यम कुठलंही असो, गोष्ट सांगण्याचे नियम मुळातून वेगळे होऊ शकत नाहीत, आणि वाईट सिनेमे बहुतेकदा फसतात ते अतिशयोक्तीमुळे आणि नको ते घुसडल्यामुळे, कारण मूळ गोष्टीचा गाभा कुठे आहे तेच करणाऱ्याला दिसलेलं नसतं. बघा, तो बदलूच नका म्हणत नाहीये. गाभा ओळखा म्हणतोय.

मग फारामिर, बोरोमिरचा धाकटा भाऊ. यावर सगळ्यात जास्त रक्त सांडतं आणि ते रास्त आहे. पुस्तकातला फारामिर म्हणतो ही वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही, आणि कळल्यावरही शब्द पाळतो, फ्रोडोला सोडतो, वाटेसाठी खायला देतो. टॉल्किनने एका पत्रात म्हटलंय की कुठलं पात्र माझ्यासारखं असेल तर ते फारामिर. सिनेमातला फारामिर फ्रोडोला आणि सॅमला धरून ऑस्गिलिआथ या उद्ध्वस्त शहरात नेतो, अंगठी बापाला द्यायची म्हणून. पटकथा लिहिणाऱ्या फिलिपा बॉयन्स आणि फ्रॅन वॉल्श यांची बाजू त्यांनी डीव्हीडीवरच्या मुलाखतींत मांडलीय, की इतके तास अंगठी सगळ्यांना खेचते असं दाखवून एकदम एक माणूस मला नको म्हणाला तर अंगठीचा दरारा संपतो, आणि शेलॉब कोळिणीचा भाग तिसऱ्या सिनेमात गेल्यामुळे दुसऱ्यात फ्रोडो-सॅमच्या बाजूला कळस उरला नव्हता. ही दोन्ही कारणं धंद्यातली खरी कारणं आहेत, मी त्यांच्या जागी असतो तर मलाही हाच प्रश्न पडला असता. एक्स्टेंडेड एडिशनमध्ये बोरोमिर, फारामिर आणि बाप डेनेथोर यांचा जुना सीन आहे, तो बघितला की सिनेमातल्या फारामिरचं कारण पक्कं लागतं, बापाच्या एका नजरेसाठी आयुष्यभर झुरलेला मुलगा. थिएटरच्या आवृत्तीत तो सीन नाही आणि तिथेच घोटाळा झाला.

पण मला खरी अडचण फारामिरची नाहीच. ऑस्गिलिआथमध्ये फ्रोडो नाझगुलसमोर उभा राहतो, हातात अंगठी. आता विचार करा. पुस्तकात शेवटच्या युद्धाची सगळी गंमत एकाच गोष्टीवर उभी आहे, सॉरॉनला अंगठी कुठे आहे ते माहीत नाही. ती नष्ट करायला कोणी घेऊन येईल हे त्याच्या डोक्यातच येऊ शकत नाही, त्याला वाटतं कोणीतरी मोठा माणूस ती वापरणार. अ‍ॅरागॉर्न मुद्दाम पालान्टीर या दूरचं दाखवणाऱ्या जादूच्या गोळ्यातून त्याला आपलं तोंड दाखवतो ते यासाठीच, त्याने घाई करावी, नजर इकडे वळवावी. आणि सिनेमात त्याच्या नोकराने एका हॉबिटाला अंगठीसकट मॉर्डोरच्या दाराशी बघितलेलं आहे. मग तो पुढे फसतोच कसा? ही कार्डाची मागची बाजू फाटली, आणि ती एका माणसाची नाही, सगळ्या युद्धाची.

तरीही मला सगळ्यात जास्त लागलेला बदल हा नाही. तो आहे मॉर्डोरच्या वाटेवरच्या किरिथ उन्गोलच्या जिन्यावरचा, आणि त्यावर मी जरा वेळ थांबणार आहे कारण यावर भांडणारे लोक मला फार कमी भेटतात.

सिनेमात काय होतं ते सगळ्यांना आठवतं. वाट दाखवायला सोबत असलेला गॉलम रात्री लेम्बास भाकरी फेकून देतो, झोपलेल्या सॅमच्या अंगावर तिचा चुरा टाकतो, फ्रोडोला वाटतं सॅमने खाल्ली, तो सॅमला घरी जा म्हणतो आणि सॅम रडत जिना उतरायला लागतो. पुस्तकात यातलं काहीच नाही. फ्रोडो सॅमला कधीच घालवत नाही, दोघं बरोबरच बोगद्यात शिरतात. पण नुसतं नसलेलं घातलं ही माझी तक्रार नाही. त्यासाठी तिथून काय काढलं ते बघा.

पुस्तकात गॉलम कोळिणीकडे जाऊन, त्यांना तिच्या तोंडी द्यायचं ठरवून परत येतो. आणि बघतो तर दोघं झोपलेत. फ्रोडोचं डोकं सॅमच्या मांडीवर, सॅमचा एक हात त्याच्या कपाळावर आणि एक छातीवर. गॉलम बघत राहतो. त्याच्या डोळ्यांतली ती हिरवट चमक विझते. तो मागे वळून वरच्या खिंडीकडे बघतो, मान हलवतो, आतल्या आत काहीतरी झगडा चाललाय. मग परत येतो आणि थरथरत्या हाताने हळूच फ्रोडोच्या गुडघ्याला शिवतो. टॉल्किन म्हणतो त्या क्षणी कोणी त्याला बघितलं असतं तर एक थकलेला म्हातारा हॉबिट दिसला असता, आपल्या काळाच्या, आपल्या माणसांच्या कितीतरी पलीकडे जगत राहिलेला. तेवढ्यात फ्रोडो झोपेत कण्हतो, सॅम दचकून जागा होतो, आणि गॉलमला मालकाच्या अंगाला हात लावताना बघून त्याच्यावर खेकसतो. बस. तो क्षण गेला, परत येत नाही. सॅमला नंतर वाईट वाटतं, तो माफीही मागतो, पण उशीर झालेला असतो. टॉल्किनने मुलाला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की गॉलम पश्चात्तापाच्या केसभर अंतरावर आला होता आणि सॅमच्या एका कठोर शब्दाने तो क्षण गेला, आणि हे लिहिताना त्याला स्वतःला फार लागलं होतं.

आता कार्ड करा. पुढची बाजू दोन्हीकडे तीच आहे: गॉलम त्यांना शेलॉबच्या बिळात नेतो. मागची बाजू? पुस्तकात: एका चांगल्या माणसाच्या, जिवापाड प्रेम करणाऱ्या माणसाच्या तोंडून प्रेमापोटीच एक वाईट शब्द गेला म्हणून. सिनेमात: गॉलम लबाड आहे म्हणून. सगळ्या पुस्तकाचा जीव ज्या दयेत आहे, मोरियात ज्या दयेवर तो एवढा सुंदर सीन यांनीच केला, तिची परीक्षा इथे होते, आणि आपल्यातला सगळ्यात चांगला माणूस त्या परीक्षेत नापास होतो, यात त्याचा दोष किती हे ठरवताच येत नाही. हे काढून तिथे भाकरीचा चुरा घातला. मला कळतं का केलं ते. फ्रोडो एकटा बोगद्यात जायला हवा होता, सॅमची परत एंट्री हवी होती, दोघांत फूट पडली की ताण वाढतो. सगळं कळतं. मी दहा वेळा असं केलंय आणि केलेलं बघितलंय. पण माझा आक्षेप नोंदवून ठेवा. त्यातून अजून एक नुकसान म्हणजे गॉलमचं आतलं भांडण, तळ्याच्या काठावर स्वतःशी बोलणारा गॉलम, हे याच मंडळींनी पडद्यावर इतकं अप्रतिम उभं केलं होतं, गॉलम साकारणाऱ्या अँडी सर्किसने जीव ओतला होता त्यात. ज्यांच्याकडे हे सगळं तयार होतं त्यांनी तो गुडघ्याला शिवणारा हात सोडावा याचं मला अजून दुःख आहे.

माउंट डूमचं थोडक्यात. पुस्तकात फ्रोडो शेवटी हरतो, अंगठी माझी म्हणतो, गॉलम बोट तोडून घेतो, आनंदाने नाचता नाचता तोल जाऊन पडतो. कोणी ढकलत नाही. दया दाखवून जिवंत ठेवलेला गॉलम जे काम करतो ते फ्रोडोला जमलं नसतं, हा शेवट आहे. जॅक्सनने आधी फ्रोडो गॉलमला ढकलतो असं शूट केलं होतं, नंतर बदलून झटापट केली ज्यात दोघं कड्यावरून जातात. ढकलणं राहिलं असतं तर मी आज मामेभावाच्या बाजूला उभा असतो, काही चर्चा न करता. झटापट हा मधला मार्ग आहे, आणि फ्रोडो हरतो एवढं तरी त्यांनी ठेवलं, हॉलिवूडच्या एवढ्या मोठ्या सिनेमात नायक ऐन वेळी हरतो हे ठेवायला हिंमत लागते.

राहिलं शायर. पुस्तकात चौघं घरी परततात तर झाडं कापलेली, गुंडांचं राज्य, घरं पाडलेली, मागे कोण तर सारुमान, तो फितूर जादूगार. मेरी आणि पिपिन लोकांना उठवतात, लढाई होते, फ्रोडो तलवार न उपसता कोणाला उगाच मारू नका म्हणत फिरतो, आणि सारुमान बॅग एंड या फ्रोडोच्या जुन्या घराच्या दारात आपल्याच नोकराच्या हातून मरतो. टॉल्किनने प्रस्तावनेत लिहिलंय की हा भाग पहिल्यापासून ठरलेला होता, कथानकाचा आवश्यक भाग आहे. तेव्हा मामेभाऊ म्हणतो ते वजनदार आहे. पण इथे सिनेमावाल्यांनी कापताना जी सफाई दाखवली ती बघा. पुस्तकात एल्फांची स्वामिनी गॅलाड्रिएल सॅमला आपल्या बागेची माती भरलेली डबी देते, तिच्यात मॅलॉर्न झाडाचं एक बी, आणि त्याच मातीने सॅम उजाड झालेलं शायर परत हिरवं करतो. सिनेमाने शायर उजाडच केलं नाही, तर एक्स्टेंडेड एडिशनमध्ये गॅलाड्रिएल सॅमला दोर देते. म्हणजे शेवट कापला तेव्हा त्याचं मूळ पहिल्या सिनेमात जाऊन उपटलं. याला मी स्वच्छ काम म्हणतो. शेलॉबच्या जिन्यावर जे केलं त्याच्या बरोबर उलट.

आणि त्याजागी जे ठेवलं ते वाईट नाही. ग्रीन ड्रॅगन या दारूच्या गुत्त्यात चौघं बसलेत, आजूबाजूला भोपळ्याचं कौतुक चाललंय, कोणाला काही माहीत नाही, चौघं एकमेकांकडे बघतात आणि गुपचूप पेले उचलतात. एक डायलॉग नाही. टॉल्किन स्वतः 1916 साली सोमच्या लढाईत होता, त्याचे जवळचे मित्र त्या युद्धात गेले. पुस्तक म्हणतं युद्ध घरापर्यंत येतं. सिनेमा म्हणतो घर तसंच आहे आणि तुम्हीच बदललात. दोन वेगळी वाक्यं आहेत, मला मान्य, पण दोन्ही त्याच माणसाच्या अनुभवातून निघू शकतात. फ्रोडोची जखम भरत नाही आणि तो जहाजात बसून जातो, हे दोन्हीकडे आहे आणि त्याच कारणाने आहे.

टॉल्किनचा मुलगा ख्रिस्तोफर याने 2012 मध्ये फ्रेंच वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत या सिनेमांनी पुस्तकाची आतडी काढून पंधरा ते पंचवीस वयाच्या पोरांसाठी अ‍ॅक्शनपट केला असं म्हटलं होतं. ज्याने बापाची हस्तलिखितं लावण्यात आयुष्य घालवलं त्याचं ते दुःख मी खोडून काढणार नाही. मला मात्र ते रिंग्जपेक्षा 2012 ते 2014 मधल्या हॉबिटच्या तीन सिनेमांना जास्त लागू वाटतं. 1937 चं मुलांसाठीचं एक छोटं पुस्तक, त्यातलं जवळपास काही कापलेलं नाही, उलट पुस्तकात नसलेली टॉरिएल घातली, लेगोलास आणला, प्रेमाचा त्रिकोण केला. कापाकापी मोजणाऱ्यांच्या हिशोबाने हे जास्त प्रामाणिक ठरायला हवेत! आणि बिल्बो, जो त्या पुस्तकाचा प्राण आहे, तो स्वतःच्याच गोष्टीत कितीतरी वेळ बाजूला उभा राहून बघत असतो.

तेव्हा निकाल. बॉम्बाडिल, आर्वेन, सतरा वर्षं, हेल्म्स डीप: तुम्ही जिंकलात. फारामिर: मामेभाऊ अर्धा जिंकला, ऑस्गिलिआथमधल्या नाझगुलमुळे पाऊण म्हणा हवं तर. शायर: तो नुकसानीबद्दल बरोबर आहे, तुम्ही कामाच्या सफाईबद्दल बरोबर आहात. आणि जिन्यावरचा सीन तुम्हा दोघांच्याही यादीत नाही, तर एक करा, दुसऱ्या खंडातलं किरिथ उन्गोलच्या जिन्यांचं प्रकरण काढा, त्याची शेवटची दोन-तीन पानं दोघांनी मिळून मोठ्याने वाचा, आणि लगेच तिसऱ्या सिनेमातला भाकरीचा सीन लावा. मग भांडायला बसा.